तालुक्याच्या गावातील मुख्य रस्ता वाहनांसाठी अरुंद करावा का? गावकरी आणि खेड्यांतून येणारे यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील तालुक्याच्या गावांत मुख्य रस्त्यावरील वाहनांच्या मार्गिका कमी करून ती जागा पदपथ, झाडे आणि थांबे यांना देण्याचा विषय निघाला, की लगेच दोन बाजू पडतात. नगर परिषदेच्या हद्दीत राहणाऱ्यांना घरासमोरचा रस्ता जीव मुठीत न धरता ओलांडायचा असतो. दहा-वीस किलोमीटरवरून बँक, तहसील, बाजार समिती, शाळा आणि दवाखान्यासाठी रोज येणाऱ्यांना मात्र हा आपल्याला वेशीबाहेर ठेवण्याचा बेत वाटतो. दोन्हीकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. माझा कल सुरुवातीलाच सांगून ठेवतो: मार्गिका कमी करणे बहुतेक गावांत योग्य ठरेल, परंतु खेड्यातल्या माणसाला विचारल्यावाचून आणि त्याच्या उतरण्या-थांबण्याची सोय आधी केल्यावाचून ते करू नये.

१. मार्गिका कमी करणे म्हणजे नेमके काय करतात? रस्ताच लहान होतो का?

दोन्ही बाजूंच्या गटारांमधली एकूण जागा तेवढीच राहते. तिची वाटणी बदलते. उदाहरणादाखल १८ मीटर रुंदीचा रस्ता घेऊ. आज त्यावर दुभाजक नसलेल्या चार मार्गिका आखलेल्या आहेत, परंतु गटाराला लागून दुचाकी आणि मालाच्या गाड्या उभ्या असल्याने प्रत्यक्षात दोनच चालू असतात आणि पायी चालणारा माणूसही त्या दोनांतूनच वाट काढतो. नव्या वाटणीत चालत्या वाहनांना ७.५ मीटर, दोन्ही बाजूंना प्रत्येकी २.५ मीटरचे पदपथ, एका बाजूला दुचाकी व ऑटोसाठी २.५ मीटरची पट्टी आणि दुसऱ्या बाजूला एसटी व मालवाहू गाड्यांसाठी ३ मीटरची पट्टी दिली, की १८ मीटर भरतात. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या निकषांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच जागा पूर्णपणे मोकळी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ही शेवटची अट बांधकामात हमखास मोडली जाते. गुडघाभर उंचीच्या पदपथावर म्हातारी माणसे चढत नाहीत आणि मग पदपथ कोणी वापरत नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

२. रस्ता आधीच पुरत नाही. तो आणखी कमी केला तर कोंडी वाढणारच ना?

रस्त्याची क्षमता घटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती किती घटते, हे पाहायला हवे. शहरी रस्त्यांची क्षमता मोजताना प्रत्येक वाहनाचे कारच्या एककात रूपांतर करतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुहेरी वाहतुकीच्या दोन मार्गिकांची क्षमता, कडेला उभी वाहने नसतील आणि घरा-दुकानांची दारे रस्त्यावर उघडत नसतील, तर ताशी १५०० एकके धरतात. दारे आहेत पण उभी वाहने नाहीत, अशा रस्त्याला १२०० आणि उभी वाहने व आडवी ये-जा दोन्ही असतील तर ९०० धरतात. दुभाजक नसलेल्या चार मार्गिकांसाठी हेच आकडे ३०००, २४०० आणि १८०० आहेत.

आपल्या गावांतील चार मार्गिकांचा रस्ता या कोष्टकाच्या तळाशी, म्हणजे १८०० वर बसतो. नव्या रचनेत वाहने उभी करण्याची जागा वेगळी काढली आणि ती शिस्तीने पाळली, तर दोन मार्गिका १२०० पर्यंत वाहून नेतात. म्हणजे घट एक तृतीयांश आहे. विरोधक सांगतात तशी ३००० वरून १२०० ची नाही, आणि समर्थक सांगतात तशी शून्यही नाही. म्हणून सर्वांत गर्दीच्या तासाची मोजणी आधी करावी. ती १२०० च्या आत असेल तर वाहनधारकांचे फारसे काही जात नाही. ती १५०० च्या वर जात असेल, तर आधी जड वाहने बाहेरून वळवण्याची सोय करावी, आणि तोवर मार्गिकांना हात लावू नये.

३. मग घरे-दुकाने थोडी मागे सारून रस्ता रुंदच का करत नाहीत?

भूसंपादनाचा मोबदला नगर परिषदेला परवडत नाही, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे, की रुंद केलेला रस्ता पुन्हा भरतो. अमेरिकेतील महानगरांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मार्गिकांची एकूण लांबी ज्या प्रमाणात वाढली जवळपास त्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढल्याचे दिसून आले. उलट बाजूने, ब्रिटनमधील संशोधकांनी रस्त्यांची जागा कमी केल्याची सुमारे ७० उदाहरणे तपासली, तेव्हा त्या परिसरातील वाहतूक सरासरी २२ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. मध्यक, म्हणजे सर्व उदाहरणे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ११ टक्केच होता.

हे आकडे पर्याय उपलब्ध असलेल्या शहरांचे आहेत. ज्या खेड्याला दिवसातून दोनच एसटी फेऱ्या आहेत आणि तालुक्याला जायला एकच सडक आहे, तिथली मोटारसायकल नाहीशी होऊन कुठे जाणार? परदेशी टक्केवारी जशीच्या तशी आपल्या गावावर लावू नये, असे मला वाटते.

४. कोंडी करते तरी कोण? आम्ही म्हणतो खेड्यातल्या दुचाक्या. ते म्हणतात दुकानदारांच्या गाड्या.

दोघेही थोडे बरोबर आहेत, पण दोघांच्या गाड्यांचा वेळ वेगळा असतो. खेड्यातून आलेला कास्तकार कृषी केंद्रातून बियाण्याची पिशवी घेतो, बँकेत रांगेत उभा राहतो आणि दुपारी परततो. त्याची दुचाकी तास-दोन तास उभी असते. दुकानदाराची, नोकराची आणि वरच्या मजल्यावरील कार्यालयातल्या बाबूची गाडी सकाळी दहाला लागते आणि रात्री आठला हलते. एका दुचाकीच्या जागेवर दिवसभरात पाच-सहा गिऱ्हाईके येऊन जाऊ शकली असती, ती जागा मालकच अडवून बसतो आणि संध्याकाळी गिऱ्हाईक नाही म्हणून तक्रार करतो.

हे वादाने ठरत नाही, मोजून ठरते. मोजणी सोपी आहे. रस्त्याच्या शंभर मीटरच्या तुकड्यात दर अर्ध्या तासाने उभ्या वाहनांच्या क्रमांकांचे शेवटचे चार आकडे लिहावेत. हे काम एकदा बाजाराच्या दिवशी आणि एकदा साध्या दिवशी करावे. कोणते वाहन किती वेळ थांबले, हे त्या कागदावरूनच कळते. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले हे एका दिवसात करू शकतात.

चालत्या वाहनांच्या बाबतीतही अंदाज चुकतात. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या निकषांत मोटारसायकल अर्धे एकक, कार एक, ट्रक किंवा बस तीन, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार आणि बैलबंडी आठ एकके धरली जाते. म्हणजे चौकात अडकलेली एक बंडी कागदावर सोळा मोटारसायकलींएवढी जागा घेते. परंतु बंडी हंगामात येते आणि मोटारसायकली बारा महिने येतात (हंगामासाठी प्रश्न ९ पाहावा).

५. आम्ही खेड्यात राहतो. नगर परिषदेत आमचे मत नाही. आमच्या येण्या-जाण्याचा निर्णय त्यांनी का घ्यावा?

या संपूर्ण वादातला सर्वांत रास्त प्रश्न हाच आहे आणि जगभर तो सुटलेला नाही. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे २००६ साली जानेवारी ते जुलै असा, शहरात येणाऱ्या वाहनांवर शुल्क आकारण्याचा प्रयोग झाला. वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. सप्टेंबरमध्ये जनमत घेतले तेव्हा शहरातील मतदारांनी थोड्या बहुमताने शुल्काला होकार दिला. ज्या चौदा शेजारच्या नगरपालिकांनी आपापले जनमत घेतले, तेथील एकत्रित कौल नकाराचा आला. अखेर सरकारने २००७ पासून शुल्क कायम केले. पॅरिसमध्ये सीन नदीच्या उजव्या काठचा रस्ता २०१६ साली वाहनांसाठी बंद झाला, तेव्हाही उपनगरांचे महापौर आणि प्रादेशिक परिषद विरोधात उभी राहिली. २०१८ साली प्रशासकीय न्यायालयाने पहिला आदेश, परिणामांचा अभ्यास अपुरा असल्याचे सांगून रद्द केला; नगर प्रशासनाने वेगळ्या आधारावर नवा आदेश काढला आणि तो टिकला.

आपल्याकडे नगर परिषदा १९६५ च्या अधिनियमाखाली चालतात आणि सदस्यांना निवडून देतात ते हद्दीतील मतदार. खेड्यातला माणूस ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद निवडतो, पण ज्या रस्त्यावर त्याचा अर्धा दिवस जातो तो रस्ता त्याच्या मताबाहेर राहतो. कायद्यातली ही फट भरून निघेपर्यंत तीन गोष्टी करता येतात. योजनेचा नकाशा नगर परिषदेच्या फलकाबरोबरच बाजार समिती, एसटी स्थानक आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावा. हरकतींची सुनावणी बाजाराच्या दिवशी ठेवावी, कारण त्या दिवशी खेड्यातला माणूस तसाही गावात असतो. आणि ग्रामसभांनी ठराव करून पाठवावेत. असा ठराव नगर परिषदेला बंधनकारक नसतो; तरी तो नोंदीत राहतो आणि पुढे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे किंवा न्यायालयात गेले तर उपयोगी पडतो. दोन्हीकडच्या मतदारांचा आमदार बहुधा एकच असतो, हेही विसरू नये.

६. निर्णय घेण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे?

आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे. मुख्य रस्ता पुष्कळदा राज्य महामार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असतो आणि तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो. तिथे नगर परिषद केवळ मागणी करू शकते. राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राची यंत्रणा येते. अंतर्गत रस्ते मात्र नगर परिषदेचे. वाहने कुठे उभी राहावीत आणि प्रवासी वाहनांनी कुठे थांबावे, हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ खाली राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवतो. त्यामुळे मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने घोषणा देण्यापूर्वी कागद पाहिलेला बरा.

७. एकदम सिमेंट ओतण्याआधी थोडे दिवस करून पाहता येते का?

येते, आणि तसेच करावे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ प्रमाणे एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई किंवा निर्बंध घालायचे तर राजपत्रात अधिसूचना लागते, परंतु निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचे नसतील तर अधिसूचनेची गरज नसते. स्थानिक प्रसिद्धी पुरते. या महिनाभरात चुन्याची फक्की, वाळूची पोती, जुने टायर आणि दोरी एवढ्यावर संपूर्ण रचना उभी करता येते. प्रयोगाचा महिना मात्र नीट निवडावा. मे महिन्यात शाळा बंद असतात आणि दुपारी रस्ता ओस पडतो, तेव्हा घेतलेला प्रयोग यशस्वी होणारच. जूनमध्ये पेरणीची घाई असताना किंवा दिवाळीनंतर कापूस निघाल्यावर तो घ्यावा. त्या गर्दीत रचना टिकली, तर ती वर्षभर टिकेल.

८. खेड्यातल्या लोकांनी एसटीने यावे. प्रत्येकाला मोटारसायकल कशाला हवी?

हा प्रश्न शहरात राहणाऱ्यांकडून येतो आणि त्यातला सल्ला सोपा वाटतो. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. तथापि सवलत वापरायला गाडी यावी लागते. सकाळची मुक्कामी गाडी साडेसहाला सुटते, तहसील कार्यालय पावणेदहाला उघडते आणि परतीची गाडी संध्याकाळी पाचला असते. एका सातबाऱ्यासाठी दिवस घालवणे शेतमजुराला परवडत नाही. काळी-पिवळी भरल्याशिवाय निघत नाही. मग घरात एक मोटारसायकल येते आणि तिच्यावर तिघे बसतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील जवळपास निम्म्या घरांत दुचाकी आणि सुमारे ८ टक्के घरांत कार असल्याचे आढळले. खेड्यातून येणाऱ्याला 'गाडीवाला' म्हणून हिणवताना हे प्रमाण लक्षात ठेवावे. मार्गिका कमी करण्याच्या आराखड्यात एसटीच्या मधल्या वेळच्या फेऱ्या, शाळेच्या वेळेला जुळणारी गाडी आणि मुख्य रस्त्यावर सावली असलेला थांबा या तीन गोष्टी नसतील, तर खेड्यांनी विरोध केलेला योग्यच आहे.

९. कापसाच्या हंगामात बंड्या आणि ट्रॅक्टर कुठून जातील?

दसऱ्यापासून पुढे चार-पाच महिने हा प्रश्न खरा असतो. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा अशा कापसाच्या गावांत जिनिंगकडे जाणारी रांग मुख्य रस्त्यावर आली, की दोन मार्गिकांत तिला ओलांडून पुढे जाता येत नाही, कारण एक बंडी थांबली की मागचे सगळे थांबते. यावर उपाय रस्त्यावर शोधू नये. बाजार समितीच्या आवारात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत टोकन देऊन गाड्या थांबवाव्यात आणि काटा मोकळा होईल तशा सोडाव्यात. बैलांना पाणी, माणसांना सावली आणि रात्री दिवा एवढी सोय त्या जागेवर हवी. ही सोय झाली नसेल तर कापसाच्या मार्गावर मार्गिका कमी करू नयेत. शाळा आणि दवाखान्याचा रस्ता आधी घ्यावा. वरूडसारख्या संत्र्याच्या गावांत हंगाम वेगळा, पण नियम हाच.

१०. आठवडी बाजार आणि हातगाड्यांचे काय? पदपथाच्या नावाने त्यांना हाकलणार का?

तसे करता येत नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे आधी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे लागते, ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हलवता येत नाही आणि त्यानंतरही हलवायचे तर ३० दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला. परंपरेने जिथे विक्रेते आणि गिऱ्हाईक जमत आले आहेत, अशा नैसर्गिक बाजाराची कायद्याने स्वतंत्र दखल घेतली आहे.

एक खोच येथे आहे. खेड्यातून टोपलीभर वांगी घेऊन येणारी बाई फक्त बाजाराच्या दिवशी बसते. सर्वेक्षण इतर वारी झाले तर ती यादीत येत नाही, आणि यादीत नसलेली बाई पदपथ झाल्यावर पहिली उठवली जाते. सर्वेक्षण बाजाराच्या दिवशी व्हावे, ही मागणी खेड्यांनी लेखी करावी. बाजाराच्या दिवशी एक मार्गिका पूर्णपणे विक्रेत्यांना देऊन वाहतूक मागच्या रस्त्याने वळवणे बहुतेक गावांत आजही अघोषितपणे होतच असते. त्याला फलक आणि वेळ द्यावी, एवढेच.

११. रुग्णवाहिका किंवा आगीचा बंब अडकला तर?

नियमांप्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असता येत नाही, त्यामुळे ७.५ मीटरच्या पट्ट्यातून बस उभी असतानाही बंब जाऊ शकतो. मात्र मधोमध उंच दुभाजक टाकला तर प्रत्येक बाजूला साडेतीन मीटरच उरतात, आणि पुढे एक ट्रॅक्टर बंद पडला की मागची रुग्णवाहिका अडकलीच. म्हणून दोन मार्गिकांच्या रस्त्यावर दुभाजक घालू नये. नगरसेवकांना दुभाजक आवडतो, कारण त्यात कुंड्या आणि दिव्यांचे खांब बसतात. हा मोह टाळावा.

१२. आमचे दुकान आहे. गाडी दारात थांबली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या गावी जाईल.

सिमेंट, खते, फर्निचर अशा जड मालाच्या दुकानांबाबत ही भीती योग्य आहे आणि त्यांच्यासमोर माल चढवण्या-उतरवण्याची जागा राखलीच पाहिजे. सकाळी नऊच्या आधी आणि रात्री आठनंतरची वेळ ठरवून दिली तर दिवसा तीच जागा दुचाकींना मिळते. कापड, सराफा, औषधे, किराणा यांचे गिऱ्हाईक मात्र चौकात उतरून चालत येते. चेन्नईच्या पाँडी बाजारात २०१९ साली पदपथ रुंद करून वाहनांची जागा कमी केली. तो भाग आजही खरेदीचाच आहे. तालुक्याच्या गावी चेन्नईएवढी गर्दी नसते, हे मान्य. म्हणून प्रश्न ४ मधील मोजणी आपल्या दुकानासमोर स्वतः करून पाहावी. आपली आणि आपल्या नोकरांची वाहने मागच्या गल्लीत नेल्यावर किती जागा सुटते, ते आधी कळेल.

१३. आमच्या उन्हात पदपथावर चालणार कोण?

सावली नसेल तर कोणी नाही. पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा तापलेल्या पेव्हर ब्लॉकवरून चालण्यापेक्षा माणूस दुकानांच्या शेडखालून चालतो. रुंदीकरणात गेलेले कडुनिंब परत यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, म्हणून उभे असलेले झाड पदपथाच्या आखणीत धरूनच नकाशा काढावा. आपल्या काळ्या मातीचे भानही ठेवावे लागते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरुमाचा थर नीट दाबला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात पदपथ लाटांसारखा होतो. गटारावर झाकण टाकून केलेल्या पदपथाची झाकणे सफाईसाठी उचलता येतील एवढ्याच वजनाची हवीत.

१४. एकेरी वाहतूक केली तर मार्गिका कमी न करताही भागेल ना?

काही गावांत भागेल. पण समांतर दुसरा रस्ता जवळ असेल तरच. तो अर्धा किलोमीटर दूर असेल, तर सायकलवरची मुलगी आणि बैलबंडी उलट्या दिशेनेच येणार. शिवाय दोन मार्गिका एकाच दिशेला मिळाल्या की वेग वाढतो. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतील ३२,८२५ पायी चालणारी होती; वेग वाढवणारा उपाय शाळेसमोर नको. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने, चार मार्गिकांच्या रस्त्याचे मधोमध वळणमार्गिका असलेल्या तीन मार्गिकांत रूपांतर केल्यावर अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटल्याचे नोंदवले आहे. त्यामागे वळणाऱ्या वाहनांना वेगळी मार्गिका मिळणे हे एक मुख्य कारण आहे.

१५. वाहनतळाचे पैसे घेणार असतील तर गावातल्यांना सूट आणि आम्हाला भुर्दंड, असे होणार नाही ना?

होऊ शकते. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये जड गाड्यांच्या वाहनतळ शुल्कावर मतदान झाले. मतदान पॅरिसच्या मतदारांपुरते होते, ते ६ टक्क्यांहून कमी झाले, ५४.५ टक्क्यांनी वाढीला कौल दिला आणि रहिवाशांना त्यांच्या भागात या वाढीतून वगळले गेले. मध्यवर्ती भागात बाहेरून येणाऱ्याला तासाला १८ युरो. आपल्याकडे शुल्क घ्यायचेच असेल तर ते वेळेवर घ्यावे, पत्त्यावर नाही: पहिले दोन तास सर्वांना मोफत आणि पुढे चढत्या दराने. प्रश्न ४ मध्ये दिसले तसे, दिवसभर उभ्या असणाऱ्या गाड्या बहुतांशी गावातल्याच असतात.

१६. पदपथ बांधले आणि त्यावर पानठेले, दुकानांचे ओटे आले, तर मार्गिका गेल्या आणि पदपथही गेले. मग?

ही शंका अनुभवातून आलेली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. तथापि आदेशाने ओटा तुटत नाही. आराखड्यातच पानठेल्यांची जागा, कोपऱ्यापासून दूर आणि १.८ मीटरची मोकळी वाट सोडून, आखून द्यावी. परवानाधारक विक्रेता आणि दुकानाचा पुढे आलेला ओटा यांना एकाच मापाने मोजू नये. पहिल्याला कायद्याचे संरक्षण आहे (प्रश्न १०), दुसऱ्याला नाही. कारवाई मात्र नेहमी पहिल्यावर होते.

१७. आमच्या गावाला बायपास झाला. आता जुन्या रस्त्याचे काय करावे?

मार्गिका कमी करण्याची सर्वांत चांगली संधी हीच. बायपास झाल्यावर राष्ट्रीय महामार्गाचा गावातला जुना तुकडा सामान्यतः एकदा दुरुस्त करून राज्याच्या यंत्रणेकडे सोपवतात. त्या एकवेळच्या दुरुस्तीतच पदपथ आणि थांब्यांचा आराखडा घालावा. नंतर निधी मिळत नाही. सावध राहण्याची बाब एसटीची आहे. जलद गाड्या बायपासवरूनच जाऊ लागल्या तर खेड्यातल्या प्रवाशाला रात्री फाट्यावर उतरावे लागते. गाडी गावातून जाईल, हे आगाराकडून लेखी घ्यावे.

१८. पोळा, मिरवणुका आणि लग्नाच्या वराती?

आज होते तशीच व्यवस्था राहील. त्या दिवशी रस्ता बंद करून वाहतूक वळवतातच. फक्त झाडांचे कठडे आणि खांब असे लावावेत, की पोळ्याच्या तोरणाला आणि देवीच्या गाडीला उंची मिळेल.

१९. केले आणि फसले तर परत फिरवता येते का?

येते, पण महाग पडते. दिल्लीत २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा, बससाठी राखीव मार्गिका असलेला बसमार्ग सुरू झाला. कारवाल्यांनी विरोध केला, २०१२ साली उच्च न्यायालयाने तो मोडण्याची मागणी फेटाळली आणि तरीही २०१६ साली शासनाने तो काढून टाकला. बसमधल्या प्रवाशांची संख्या कारवाल्यांपेक्षा जास्त होती, पण मार्ग वाचवायला ते संघटित नव्हते. म्हणूनच प्रश्न ७ मधील महिनाभराचा स्वस्त प्रयोग टाळू नये.

२०. आम्ही हरकत दिली, पोचही घेतली. काहीच उत्तर आले नाही, काम मात्र सुरू झाले. आता काय करावे?

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली रस्त्याच्या ताब्यातील यंत्रणेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. अर्जात 'आमच्या हरकतीचे काय केले' असे मोघम विचारू नये. वाहनमोजणीचे तक्ते, मंजूर नकाशा, आलेल्या हरकतींची यादी व त्यांवरील शेरे, सुनावणीचे इतिवृत्त आणि कार्यारंभ आदेश यांच्या प्रती मागाव्यात. मोजणीचे तक्ते नाहीत असे लेखी उत्तर आले, तर तेच ग्रामसभांच्या ठरावांसह जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावे. रस्ता बांधकाम विभागाचा असूनही अर्ज नगर परिषदेकडे गेला असेल, तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करण्याची जबाबदारी कायद्याने नगर परिषदेवरच टाकली आहे.